सहा कार्ट, बारा चालक आणि एक लॅटिन चौरस

भाड्याच्या कार्टवर, म्हणजे शर्यतीच्या छोट्या उघड्या गाडीवर, दहा मिनिटांचे तिकीट काढून जो कोणी एकदा शर्यत खेळला आहे, त्याला त्यानंतरचा वाद सांगायला नको. हेल्मेट काढता काढता हरलेला म्हणतो की माझी गाडीच ओढत नव्हती, आणि जिंकलेला म्हणतो की गाड्या सगळ्यांना सारख्याच मिळतात, चालवता आली पाहिजे. आमच्या घरात हा वाद दिवाळीत सुरू झाला आणि संक्रांत आली तरी मिटला नाही, कारण दोन्ही बाजूंकडे पुरावा असा काही नव्हता. शेवटी माझ्या दादाने ठरवले की जानेवारीत कोल्हापूरजवळचा ट्रॅक शनिवार-रविवारी काही तासांसाठी आपल्यापुरता घ्यायचा, घरचे आणि मित्रमंडळी मिळून बारा जण जमवायचे, आणि शर्यत अशी आखायची की तिचा निकाल सर्वांना मान्य व्हावा. शर्यतीची आखणी वहिनीकडे गेली. ती कृषी संशोधनात काम करते, आणि कोणते वाण खरोखर जास्त उत्पन्न देते हे जमिनीच्या कमी-अधिक कसामुळे न फसता शोधून काढणे हे तिचे रोजचे काम आहे.

वहिनीने सांगितलेली पद्धत लॅटिन चौरसाची होती. अठराव्या शतकात ऑयलर या गणितज्ञाने या चौरसांचा अभ्यास केला आणि पुढे विसाव्या शतकात रोनाल्ड फिशर यांनी शेतातील प्रयोगांसाठी ही मांडणी रूढ केली. सहा ओळी आणि सहा रकाने असलेल्या चौकटीत एक ते सहा आकडे असे भरायचे, की कोणताही आकडा एका ओळीत किंवा एका रकान्यात दोनदा येऊ नये. आमच्यासाठी ओळ म्हणजे चालक, रकाना म्हणजे हीट (एकेक छोटी शर्यत) आणि आकडा म्हणजे कार्टचा क्रमांक होता. त्यामुळे प्रत्येक चालक सहाही कार्ट एकेकदा चालवणार होता आणि प्रत्येक कार्ट सकाळच्या थंड डांबरावरही धावणार होते व दुपारच्या तापलेल्या डांबरावरही. बारा जणांचे दोन गट करून दोन चौरस आखले गेले. माझ्या मुलीने ते चौकटीच्या कागदावर उतरवून काढले, आणि आदल्या रात्री जेवताना कोणाला कोणते कार्ट कितव्या हीटमध्ये येते यावरच सगळी चर्चा चालली होती.

मामा कोल्हापूरचेच. शिवाजी उद्यमनगरात त्यांचा लेथचा कारखाना आहे आणि आयुष्यभर ते लोखंडात काम करत आले आहेत. शनिवारी सकाळी ते छोट्या टेम्पोत कारखान्यातला वजनकाटा घालून घेऊन आले. बिडाचे जॉब तोलायचा तो काटा त्यांनी गाड्या थांबतात त्या पिटच्या शेजारी सपाट जागा पाहून ठेवला, पाण्याच्या पातळीने तपासला, आणि प्रत्येकाला बूट, हेल्मेट आणि हातमोज्यांसकट त्यावर उभे केले. माझी सोळा वर्षांची मुलगी ४९ किलो भरली आणि दादा ९४ किलो. इतका फरक मोटारीत फारसा जाणवणार नाही. पण भाड्याचे कार्ट दीडशे किलोच्या आसपासचे आणि त्याचे इंजिन साडेआठ-नऊ अश्वशक्तीचे असल्याने चालकाचे वजन हा तिथे मोठा हिशेब असतो. मोठ्या स्पर्धांमध्ये हलक्या चालकाच्या आसनाला शिशाच्या पट्ट्या बोल्टने आवळून वजन सारखे करतात. आमच्याकडे तशी सोय नव्हती, आणि सुट्या वजनाची पिशवी आसनात ठेवणे धोक्याचे असल्याने तो विचार आम्ही केलाच नाही.

ट्रॅकवरच्या प्रशिक्षकाने सुरुवातीला जे सांगितले त्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग कपड्यांचा आणि केसांचा होता, आणि तो भाग मी इथे मुद्दाम लिहीत आहे. कार्टचा मागचा दांडा चालकाच्या पाठीमागे अगदी जवळ उघडा फिरत असतो. २०१८ मध्ये हरियाणातील पिंजोर येथे आणि २०२० मध्ये हैदराबादजवळ कार्टमध्ये केस अडकून दोन तरुणींचे जीव गेले आहेत. आमच्यातल्या सगळ्या बायका-मुलींनी घट्ट अंबाडे घालून त्यावर कापडी टोपी, त्यावर हेल्मेट आणि मानेपर्यंत चेन ओढलेला सूट असा पोशाख केला. ओढणी, मफलर, गळ्यातली साखळी हे सगळे मामींच्या पिशवीत गेले. प्रशिक्षकाने प्रत्येकीच्या मानेमागे हात फिरवायला एका महिला कर्मचाऱ्याला सांगितले आणि तिची खात्री पटल्याशिवाय कोणालाही कार्टमध्ये बसू दिले नाही. ज्या ट्रॅकवर ही तपासणी होत नाही तिथे पैसे परत मागून निघून यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

झेंड्यांचा भाग लवकर आटोपला. पिवळा म्हणजे पुढे धोका आहे, वेग कमी करा आणि कोणाला ओलांडू नका. निळा म्हणजे मागून वेगवान चालक येतो आहे, त्याला जाऊ द्या. लाल म्हणजे शर्यत थांबली. गाडी फिरून आडवी झाली तर आसनातून उठायचे नाही, एक हात वर करून बसून राहायचे आणि ट्रॅकवर देखरेख करणाऱ्या मार्शलची वाट पाहायची. उजव्या पायाखाली गती आणि डाव्या पायाखाली ब्रेक असतो, आणि दोन्ही एकदम दाबायचे नाहीत. उतरताना सायलेन्सर नसलेल्या बाजूनेच उतरायचे, कारण त्याच्या पत्र्याला पोटरी टेकली तर कातडी भाजते.

पहिल्या हीटच्या आधी इंधन भरण्याचे काम चालले होते, तेव्हा मामा कार्ट क्रमांक तीनशेजारी उकिडवे बसले. त्यांनी आमच्या पोरांना जे दाखवले ते मलाही प्रथमच नीट समजले. कार्टचा मागचा भाग जॅकवर उचललेला होता. मामांनी डावे मागचे चाक तळहाताने हळूच फिरवले, त्याबरोबर उजवे चाकही तेवढेच फिरले, साखळी सरकली आणि दांड्यावरची ब्रेकची एकुलती एक चकती त्यांच्या गुडघ्याशेजारून गोल गेली.

"बघ की गं, दोन्ही चाकं एकाच दांड्याला जखडल्यात," ते माझ्या मुलीला म्हणाले. "मोटारीत वळताना बाहेरचं चाक जास्त फिरतं, आतलं कमी. मधी डिफरन्शियल असतं म्हणून जमतं. इथं न्हाई. मग ही गाडी वळंल कशी?"

मुलीने उत्तर दिले नाही. मामांनी कार्ट खाली उतरवायला लावले, दादाला आसनात बसवले, आणि स्टिअरिंग डावीकडे पूर्ण फिरवायला सांगितले. पुढची चाके अशा कोनात बसवलेली असतात की वळवल्याबरोबर आतले पुढचे चाक खाली दाबले जाते आणि बाहेरचे वर जाते. मग सांगाडा तिरका होऊन आतल्या मागच्या चाकावरचे ओझे निघून जाते. दादा बसलेला असताना मामांनी त्या डाव्या मागच्या टायरखाली बोट घालून पाहिले आणि मुलीलाही हात लावायला लावला. टायर पुरता उचलला गेला नव्हता, पण मघाशी जमिनीवर रुतून बसलेले ते रबर आता हाताने ढकलल्यावर सरकत होते. ट्रॅकवर वळणाचा जोर आणि रबराची पकड मिळाली की ते चाक क्षणभर हवेत जाते आणि गाडी तीन चाकांवर वळते. कार्टला स्प्रिंग नसतात, शॉकअब्सॉर्बर नसतात. ते सगळे काम नळ्यांच्या सांगाड्याच्या वाकण्यावर चालते. चालकाने स्टिअरिंग घाबरत, थोडेथोडे फिरवले तर आतले चाक जमिनीवरच राहते, दोन्ही मागची चाके एकमेकांशी भांडतात आणि इंजिनची ताकद रबर घासण्यात जाते. मुलीने त्या दिवशी सगळ्यांत चांगले लॅप, म्हणजे ट्रॅकच्या फेऱ्या, दिले त्यामागे हे पाच मिनिटांचे शिक्षण होते, असे मला वाटते. मामांना इंजिनही ओळखीचे निघाले. होंडाचे २७० सीसीचे हे चार-स्ट्रोक इंजिन मुळात पंप, जनरेटर अशा यंत्रांसाठी बनवलेले आहे आणि तसली इंजिने त्यांच्याकडे दुरुस्तीला येतात. गती दिल्यावर आपोआप पकडणारा क्लच पाहून ते म्हणाले की हा तर आपल्या लूनाचाच भाऊ.

१९५६ मध्ये कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स आणि लू बोरेली यांनी पहिले कार्ट तयार केले तेव्हाही त्यावर गवत कापण्याच्या यंत्राचे इंजिन बसवलेले होते. हे मी मामांना सांगितले तेव्हा ते फार खूश झाले. पुढे या खेळाने मोटारशर्यतीची शाळाच उभी केली. आयर्टन सेना, मायकेल शूमाकर यांच्यासारखे फॉर्म्युला वनचे चालक लहानपणी कार्टमध्येच तयार झाले. मामांना मात्र त्या इंजिनाची जात त्यांच्या कारखान्यातल्या यंत्रांशी जुळते याचेच अप्रूप होते.

पहिल्या दोन हीट सगळ्यांच्याच जपून गेल्या. जानेवारीतली सकाळ होती, डांबर थंड होते, रबर पकडत नव्हते आणि माझे पती पहिल्याच लॅपला यू-वळणावर आडवे झाले. त्यांनी हात वर केला, मार्शलने पिवळा झेंडा दाखवला, मागून येणारे सगळे शिस्तीत हळू झाले आणि अर्ध्या मिनिटात गाडी ढकलून सरळ करण्यात आली. ऊन वर आले तसे टायर तापले आणि तेच वळण वेगळे वाटू लागले. सर्वांत लांब सरळ रस्त्याच्या शेवटी असलेले ते वळण आमच्यातल्या प्रत्येकाने दिवसभर अभ्यासले. तिथे ब्रेक गाडी सरळ असतानाच आणि जोरात लावायचा, कारण ब्रेक फक्त मागच्या दांड्याला आहे आणि वळवता वळवता लावला तर मागचा भाग सुटतो. मग ब्रेक सोडून स्टिअरिंग एकदाच, ठामपणे फिरवायचे आणि थांबायचे. हे थांबणे फार अवघड आहे. पाय गतीवर जायला आसुसलेला असतो, इंजिन कानात ओरडत असते, आणि गाडीचे नाक वळणाच्या आतल्या कडेकडे येईपर्यंत काहीच न करता राहावे लागते. नाक आले की पाय पूर्ण दाबायचा आणि गाडीला बाहेरच्या कडेपर्यंत मोकळी जाऊ द्यायची. हे ज्या लॅपमध्ये जमते त्या लॅपमध्ये पुढच्या सरळ रस्त्यावर इंजिनाचा आवाज लवकर वर चढतो, आणि वेळेचा कागद हातात येण्याआधीच आपल्याला कळलेले असते.

वेळ मोजण्याची व्यवस्था उत्तम होती. प्रत्येक कार्टला ट्रान्सपाँडर बसवलेला असतो आणि अंतिम रेषेखालच्या तारेवरून तो गेला की संगणकावर सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत नोंद होते. प्रत्येक हीटनंतर छापील कागद मिळत असे आणि तो वहिनीच्या हातात जात असे. दुपारी जेवणाआधीच दोन्ही गटांच्या हीट संपल्या. जेवणावळीत, तांबड्या रश्श्याच्या वाट्या बाजूला सारून, वहिनीने आकडे मांडले. प्रत्येक कार्टवर बाराही चालक बसून गेले होते, त्यामुळे प्रत्येक कार्टच्या सर्वोत्तम लॅपची सरासरी आता गाडीबद्दल काही सांगू शकत होती. सुमारे ५२ सेकंदांच्या लॅपमध्ये कार्ट तीन सर्वांत वेगवान निघाले आणि कार्ट पाच त्याच्यापेक्षा सरासरीने सहा दशांश सेकंद मागे पडले. सहा दशांश ऐकायला किरकोळ वाटते, पण दहा मिनिटांत ते साठत साठत सहा-सात सेकंदांचे होते, आणि घरच्या शर्यतीत पहिल्या आणि चौथ्यात तेवढेच अंतर असते. गाड्या सारख्या असतात असे म्हणणाऱ्यांचा दावा तिथे संपला. पण दादा गेल्या खेपेला गाडीमुळेच हरला हेही त्यातून सिद्ध होत नाही, असे वहिनीने लगेच सांगितले. दादा वजनाने जड आहे आणि वळणावर थोडा घाईही करतो. एका माणसाच्या बाबतीत वजन किती आणि कौशल्य किती हे वेगळे काढायला हे आकडे पुरे पडत नाहीत, असे तिचे म्हणणे होते, आणि दादाने ते मान्य केले. आपल्या हातातला पुरावा कुठवर पोचतो आणि कुठे थांबतो हे इतक्या स्वच्छपणे सांगणारी माणसे मी कमी पाहिली आहेत, म्हणून तिच्याबद्दलचा माझा आदर त्या जेवणात आणखी वाढला.

रविवारच्या शर्यतीचा आराखडा याच आकड्यांवर ठरला. तासाभराची शर्यत, दोघांचा एक संघ, प्रत्येकाने दोन पाळ्यांत मिळून अर्धा तास चालवायचे. जोड्या वजनावरून लावल्या, म्हणजे सर्वांत हलक्याबरोबर सर्वांत जड, मग त्यांच्या अलीकडचे दोघे, अशा क्रमाने. त्यामुळे माझी मुलगी आणि दादा एका संघात आले, मी आणि मामा दुसऱ्या, वहिनी आणि दादाचा एक मित्र तिसऱ्या. सहाही संघांच्या एकूण वजनांत मोठा फरक उरला नाही. कार्ट चिठ्ठ्या टाकून वाटले, आणि ज्याला सर्वांत मंद कार्ट येईल त्याने सर्वांत पुढून निघायचे, असा नियम केला. पाच नंबर मुलगी आणि दादाच्या वाट्याला आला.

माझ्या मते अशा शर्यतीचे खरे सौंदर्य चालक बदलण्यात आहे. पिटमध्ये येताना मार्शलच्या खुणेबरोबर वेग अगदी कमी करायचा, आपल्या चौकोनात गाडी थांबवायची, एकाने उतरायचे आणि दुसऱ्याने बसायचे. पण मुलगी बसताना आसनात मागे पॅडिंगचा तुकडा लागतो आणि पेडल जवळ घ्यावे लागते, दादा बसताना तेच उलटे करावे लागते. त्या दोघांनी शनिवारी संध्याकाळी उभ्या गाडीवर हा बदल पुन्हा पुन्हा करून पाहिला होता. भाचा पॅडिंग धरून उभा राहायचा, मुलगी बसताच तो तुकडा तिच्या पाठीमागे सरकवायचा आणि तिच्या खांद्यावर एक थाप मारायचा, म्हणजे निघ. प्रत्यक्ष शर्यतीत त्यांचा बदल आम्हा सगळ्यांपेक्षा जलद झाला. मामी वही घेऊन पिटच्या कठड्याशी बसल्या होत्या. संगणक असूनही त्यांनी प्रत्येक संघाचे लॅप रेघा मारून मोजले, आणि शेवटी दोन्ही मोजण्या तंतोतंत जुळल्या.

मामांचे चालवणे मी कठड्यावरून पाहिले. बासष्टाव्या वर्षी ते पहिल्यांदाच कार्टमध्ये बसले होते. वेगात ते कोणाच्याही पुढे नव्हते, पण निळा झेंडा दिसला की ते आपली रेषा न सोडता हात बाहेर काढून मागच्याला बाजू दाखवत, तो गेला की पुन्हा आपल्या ठरलेल्या जागी ब्रेक लावत. त्यांच्या पाळीचे कागद नंतर पाहिले तर निळ्या झेंड्याचे लॅप सोडून बाकीचे बहुतेक चार दशांश सेकंदांच्या आत होते. लेथवर एकच माप दिवसभर धरून ठेवण्याचा हा सराव असावा. वहिनीचेही तसेच. तिचा एकही लॅप पहिल्या तीन वेगवान लॅपमध्ये नव्हता, पण ती एकदाही आडवी झाली नाही, कोणाला घासली नाही, आणि तिचा जोडीदारही तिच्याकडे पाहून सावरून चालवत राहिला. ती दोघे पहिली आली. मुलगी आणि दादा अकरा सेकंदांनी दुसरे, आणि मी व मामा चौथे.

निकालानंतर भाच्याने प्रश्न काढला की पाच नंबरचा मंदपणा तासाभरात किती सेकंद खातो. पुढून निघाल्याने मिळालेला फायदा फार तर तीन-चार सेकंदांचा होता, आणि वहिनीने स्वतःच हिशेब करून सांगितले की शनिवारच्या सरासरीप्रमाणे पाहिले तर दुसरा संघ पहिला यायला हवा होता. पण शर्यतीआधी ठरलेला नियम निकालानंतर बदलायचा नाही, असे मुलीनेच सांगितले आणि स्टीलची ती ट्रॉफी स्वतःच्या हाताने वहिनीला दिली. पुढच्या वेळी मात्र तासाच्या मध्यावर सगळ्यांनी कार्टची अदलाबदल करायची, म्हणजे मंद गाडी कोणा एकाच्याच गळ्यात राहणार नाही, हे सर्वांनी मान्य केले आहे.

सोमवारी सगळ्यांचे अंग दुखत होते. कार्टच्या स्टिअरिंगला पॉवरची मदत नसते, त्यामुळे मनगटापासून कोपरापर्यंतचे स्नायू भरून येतात, आणि आसनाच्या कडा बरगड्यांवर दाबल्या जात असल्याने खोल श्वास घेताना दोन दिवस कळ येते. नियमित खेळणारे चालक यासाठी बरगड्यांवर संरक्षक पट्टा घालतात. तो घेणे आता आमच्या यादीत आहे.

मुलीला आता रोटॅक्स कंपनीच्या इंजिनांवर चालणाऱ्या स्पर्धांच्या गटात उतरायचे आहे. त्या कार्टचे १२५ सीसीचे दोन-स्ट्रोक इंजिन मोठ्या गटात तीस अश्वशक्तीच्या घरात जाते, म्हणजे तिने चालवलेल्या गाडीच्या तिप्पट. शिवाय गाडी बरीच हलकी, आणि टायर, इंजिनची देखभाल व प्रवास यांचा खर्च वेगळा. स्पर्धेत उतरायचे तर मोटारस्पोर्ट महासंघाचा परवानाही काढावा लागतो. आम्ही दोघांनी तिला नाही म्हटलेले नाही. वर्षभर भाड्याच्याच कार्टवर सराव करावा, प्रत्येक वेळचे लॅपचे कागद तारीख घालून ठेवावेत, आणि ओळीने दहा लॅप अर्ध्या सेकंदाच्या आत देता येऊ लागले की दोन-स्ट्रोक गाडीवर प्रशिक्षकाबरोबर एक दिवस घ्यावा, असे ठरले आहे. दहा लॅपची ही अट मामांनी घातली, आणि तिने काही घासाघीस न करता ती कबूल केली.